ब्लडी म्हणजे लई

घाटनांदूरच्या कॉलेजात मी रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी, हजेरीपटावरची माझी सही अजून वाळली नव्हती, तेवढ्यात स्टाफरूमच्या कोपऱ्यातून प्रश्न आला.

"सर, तुमच्या शिरूर कासारकडं माणूस लई चिडला की काय म्हणतो?"

विचारणाऱ्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या. अंगावर इरकल, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, मांडीवर उघडा डबा आणि डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी मराठीचा नवा शिक्षक. मला वाटलं, ही आपली परीक्षा दिसतेय. म्हणालो, "काही नाही बाई. गप्प बसतो."

"मग एकतर शिरूरचा माणूस संत हाय, न्हाईतर तुमी खोटं बोलायलात," असं म्हणून बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "सांगा सावकाश. घाई न्हाई. आपल्याला रोज इथंच बसायचंय."

त्या इंग्रजी शिकवायच्या. कॉलेजातल्या बाकीच्या सगळ्या शिक्षिका 'मॅडम' होत्या, या एकट्याच 'बाई'. पोरं, शिपाई, प्राचार्य, एसटीचे कंडक्टर, सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मूळच्या घाटनांदूरच्याच. बाजारात भावाचं कापडाचं दुकान, दुकानामागं घर आणि घराच्या वरच्या खोलीत बाई. लग्न केलेलं नव्हतं. कुणी आगाऊपणानं कारण विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायच्या, जणू चुलीवर दूध ठेवायचं राहून गेलं असावं.

कुणाला भजनाचा नाद असतो, कुणाला बैलांचा. बाईंना एका इंग्रजी शिवीचा नाद होता. ब्लडी. बास, एवढीच. बाकीच्या शिव्यांबद्दल त्यांना फारशी उत्सुकता नव्हती. ओळख होती, येणं-जाणं नव्हतं. पण ब्लडीचं त्यांना सगळं माहीत हवं असायचं. ती कुठून निघाली, कुणाच्या घरी राहिली, कधी बाटली, कधी पुन्हा पंगतीत बसली. हैदराबादला नातेवाइकांकडं गेल्या की रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून एखादी डिक्शनरी घेऊन यायच्या आणि सगळ्यांत आधी तो शब्द काढायच्या. तेवढ्यावरून डिक्शनरीची लायकी ठरायची. ज्या डिक्शनरीत तो शब्दच नसे तिला त्या 'सोवळ्यातली' म्हणायच्या आणि दुकानातल्या डगमगत्या कपाटाखाली टेकू म्हणून देऊन टाकायच्या.

ज्ञानासाठी भांडणं ऐकणारी एवढी एकच बाई मी पाहिली. बाजारात कुठं आवाज चढला की या छत्री टेकून चार हातांवर उभ्या राहायच्या, मान जराशी तिरकी करून, कीर्तनाला बसल्यासारख्या. भांडणारे एकदोन वाक्यं बोलायचे, मग त्यांचं लक्ष बाईंकडं जायचं. कपाळावर भस्म लावलेली, आपल्याला शिकवलेली बाई आपला शब्द न् शब्द टिपायलीय हे ध्यानात आलं की दोघांच्याही तोंडातली पुढची शिवी विरून जायची. "जाऊ द्या बाई," म्हणत ते पांगायचे. गावात सगळ्यांना वाटायचं, बाई भांडणं मिटवतात. बाई मात्र हळहळत स्टाफरूमला यायच्या. "ऐन रंगात आलं होतं हो. मला बघितलं आन सगळं इस्कटलं."

एका पावसाळ्यात आम्ही सगळे शिक्षक कपिलधारला गेलतो. दर्शन झालं, बाई धबधब्याच्या खाली दगडावर बसून भाकरी सोडत होत्या. तेवढ्यात शहरातून आलेला एक तरुण, महागडे बूट घातलेला, शेवाळावरून घसरला आणि सपशेल पाण्यात बसला. बसता बसता ओरडला, "ब्लडी हेल!" आम्ही मदतीला धावलो. बाई आमच्याही पुढं. मला वाटलं, हात द्यायला निघाल्या. त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "दादा, एक सांगा. आत्ता जे म्हणालात ते भीतीनं म्हणालात का रागानं?"

तो पाण्यात बसलेला. चष्मा वाहून गेलेला. "काय?"

"कारण भीती असेल तर जोर 'हेल'वर पडतो. तुमचा 'ब्लडी'वर पडला."

"बाई, आधी त्याला उठू द्या," मी म्हणालो.

"उठला की विसरेल," बाई म्हणाल्या.

त्यांचं शिकवणं मी बाहेरच्या व्हरांड्यात उभा राहून कितीदा तरी ऐकलं. त्या वर्गात आल्या की फळ्यावर इंग्रजीत शब्द लिहायच्या आणि विचारायच्या, "पाव्हणा घरात आला तर आपण काय विचारतो?" पोरं एका सुरात ओरडायची, "कुठलं गाव? कुणाचे तुमी?" मग बाई फळ्यावरच्या शब्दाकडं वळायच्या आणि त्याला तेच विचारायच्या. चांगल्या शब्दांना विचारायच्या, तसंच ब्लडीलाही. बारावीच्या पोरांना ग्रामर म्हटलं की झोप यायची, पण हा तास आला की मागच्या बाकावरचे पुढं सरकायचे.

घोळ झाला तो शब्दाच्या मध्ये शब्द घालण्यावरून. बाईंनी एकदा वर्गात सांगितलं की इंग्रज माणूस फारच भरात आला की ब्लडी शब्दाच्या आधी लावत नाही, सरळ शब्दाच्या पोटात घालतो. 'अब्सोल्यूटली' म्हणायचं असेल तर 'अब्सो-ब्लडी-ल्यूटली' म्हणतो. पण कुठंही घालून चालत नाही. शब्दाला जिथं सांधा असेल, जोर पडायच्या जरा आधी, तिथंच ती बसते. "आपल्याकडची नावं घेऊन बघा," बाई म्हणाल्या. "कुठं बसते, कुठं बसत नाही?"

पोरं पेटली. 'अंबा-ब्लडी-जोगाई' बसलं. 'शि-ब्लडी-रूर' बसलं नाही. बाई म्हणाल्या, तोंडात खडा आल्यासारखं वाटतं. 'परळी'चं तर काही केल्या जमेना. शेवटी खिडकीजवळचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "बाई, घाट-ब्लडी-नांदूर!"

बाईंनी खडू खाली ठेवला. मग स्वतः एकदा सावकाश म्हणून पाहिलं. "घाट-ब्लडी-नांदूर," त्या म्हणाल्या. "काय सुंदर बसली रे." आणि तो तास तिथंच संपला, कारण पुढं शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तालुक्याच्या कबड्डी स्पर्धा आमच्या मैदानावर होत्या. संघ माझ्याकडं होता. मराठीच्या मास्तरला कबड्डी कशाला, असं कुणी विचारू नये. कुणाकडं तरी द्यायचाच होता. मांडवात पहिल्या रांगेत आमच्या संस्थेचे अध्यक्ष बसले होते. सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणतो. पांढरेशुभ्र कपडे, जाडजूड मिशी, हातात कायम दात कोरायची काडी. आमच्या पोरानं शेवटच्या चढाईत तिघांना मारलं आणि मैदानाच्या चारी बाजूंनी आरोळी उठली, "घाट! ब्लडी! नांदूर! घाट! ब्लडी! नांदूर!" पोरी तर पोरांपेक्षा मोठ्यानं. सगळ्यांत पुढं संस्थेच्या सचिवांची मुलगी, ओढणी कमरेला खोचलेली.

अण्णांनी शेजारी वाकून विचारलं, "काय म्हणायलेत बे पोरं?"

शेजारी हरलेल्या कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी मोठ्या अदबीनं सांगितलं, "अण्णा, ते तुमच्या गावाला शिवी द्यायलेत."

अण्णांनी ढाल दिली, भाषण केलं आणि ते गाडीत बसले. पण जाताना त्यांनी काडी मोडून टाकली, आणि अण्णांनी काडी मोडली की कुणाचं तरी काही खरं नसतं, हे आम्हाला ठाऊक होतं.

सोमवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. बाईंना, आणि संघप्रमुख म्हणून मला. अण्णा मधल्या खुर्चीत, शेजारी सचिव. प्राचार्य स्वतःच्याच केबिनमध्ये उभे होते आणि पाण्याचा ग्लास इकडून तिकडं सरकवत होते. बाईंच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. अशा वेळी निलंबन झालं असतं तर पेन्शनची कागदं कुठं अडकली असती आणि कधी सुटली असती ते देवाला माहीत. बाईंनी मात्र बसल्या बसल्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अकरावीचा तास हाय माझा. वेळ लागंल का?"

सचिवांनी सुरुवात केली. "अण्णा, माझी पोरगी ह्यांच्याच वर्गात हाय. परवा जेवताना आईला म्हणली, 'भाजी ब्लडी तिखट हाय.' आमची म्हातारी ताटावरून उठली."

"वाक्य बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "भाजीचं मला माहीत न्हाई."

प्राचार्यांच्या हातातला ग्लास सांडला.

"बाई," अण्णा म्हणाले, "मी दहावी शिकलेला माणूस. पण ब्लडी म्हंजे काय ते मला कळतं. पिच्चरमधला व्हिलन म्हणतो. शिवी हाय का न्हाई? एका शब्दात सांगा."

"एका शब्दात न्हाई सांगता येणार अण्णा. तिला पुष्कळ वर्षं झाली."

"मग सांगा तुमच्या परीनं."

आता खरं तर बाईंनी दोन वाक्यांत माफी मागून सुटायचं. मी टेबलाखालून त्यांना पायानं खुणावलंसुद्धा. पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्या माणसानं त्यांना तो प्रश्न विचारला होता. बाईंनी पदर सारखा केला आणि सुरू झाल्या.

ब्लड म्हणजे रक्त, तिथपासून आरंभ केला. पुष्कळ लोक म्हणतात की येशूच्या आईच्या नावानं घेतलेली शपथ झिजत झिजत हा शब्द झाला. ऐकायला छान आहे पण त्याला पुरावा नाही, असं त्यांनी अण्णांना बजावलं. अण्णांनी मान डोलावली, जणू त्यांचंही तेच मत होतं.

"दुसरं एक सांगतात, ते मला जास्त पटतं," बाई म्हणाल्या. "पूर्वी इंग्लंडात बड्या बापांची उनाड पोरं असायची. त्यांनाच ब्लड म्हणायचे. म्हणजे मोठ्या रक्ताची. रात्रंदिवस प्यायची, गाड्या पळवायची, गरिबाची दुकानं मोडायची. मग कुणी पिऊन पडला की लोक म्हणायचे, ब्लडसारखा प्यायलाय. त्यातून आलं असंल."

अण्णांच्या चिरंजीवांनी मागच्याच महिन्यात नवीकोरी गाडी सरळ चौकातल्या पानटपरीत घातली होती. हे घाटनांदूरमध्ये सगळ्यांना माहीत होतं, फक्त बाईंच्या त्या क्षणी ध्यानात नव्हतं. त्या इंग्लंडात होत्या. सचिव छताकडं बघायला लागले. मी शिरूरला परत बदली मिळेल का, याचा विचार करायला लागलो.

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे तिकडंबी हायेत व्हय असली?" ते म्हणाले. आणि एकदम मोकळं हसले. "मला वाटलं, आमच्याच नशिबाला आलंय."

तिथून अण्णांनी खुर्ची पुढं ओढली. बाईंनी सांगितलं की पुढं सभ्य घरांतून शब्द हद्दपार झाला. छापायचा झाला तर पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवून मधे नुसती रेघ मारायचे. एका नाटकात भर रंगमंचावर नटीनं तो उच्चारला तर लंडनभर बोभाटा झाला. पण खलाशी, शिपाई, मजूर यांनी त्याला कधी सोडलं नाही. त्यांच्याबरोबर तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथं मिठासारखा सगळ्यांत पडायला लागला. हिंदुस्थानात गोरा साहेब घोड्याला म्हणायचा, कारकुनाला म्हणायचा. कारकून घरी येऊन शिपायाला म्हणायचा.

"मग आपल्याकडं?" अण्णांनी विचारलं.

"आपल्याकडं निजाम होता. आपल्याला शिव्या उर्दूतनं खायला लागायच्या. ही उशिरा आली. सिनेमातनं."

अण्णांना हे फार आवडलं. "बरं मग आज, आज काय अर्थ हाय तिचा?"

"लई," बाई म्हणाल्या.

"लई काय?"

"लईच. ब्लडी म्हणजे लई. नुसता जोर. ब्लडी तिखट म्हणजे लई तिखट. ब्लडी गरम म्हणजे लई गरम."

"मग घाट-ब्लडी-नांदूर म्हंजे?"

"लई घाटनांदूर. दुसरं कोणतं न्हाई, आमचंच."

अण्णा खुर्चीत मागं रेलले. हरलेल्या प्राचार्यांची आठवण झाली असावी, कारण त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान पसरलं. पण सचिव सोडायला तयार नव्हते. "आन ब्लडी फूल म्हंजे?"

"लई येडा. पण त्यात शिवी 'फूल'मधे हाय साहेब. ब्लडी बिचारी मागनं ढकलते फक्त."

"शब्दांचा खेळ करायलात बाई. पोरींना असलं शिकवायचं म्हंजे..."

"सचिवसाहेब," अण्णा मधेच म्हणाले, "काल लाइट गेली तवा तुमी माझ्यासमोर लाइनमनला फोन लावला. त्याच्या आईची आठवण काढली. ती कोणत्या इयत्तेच्या पुस्तकात हाय?"

अण्णा पुन्हा बाईंकडं वळले, पण आता आवाज खाली आला होता. "बाई, एक इचारू का? तुमी देवाधर्माच्या. हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं कुठनं?"

बाई मग जे बोलल्या ते मी इतक्या वर्षांत कधीच ऐकलं नव्हतं.

"नोकरी नवी होती माझी. तपासणीला एक साहेब आले. माझ्या वर्गात बसले, मधेच मला अडवलं आणि म्हणाले, शिकवायलात ते चुकीचं हाय. मी म्हणाले, न्हाई साहेब, बरोबर हाय, पुस्तक दाखवते. दाखवलं. ते उठले आणि भर वर्गात मला म्हणाले, 'यू ब्लडी फूल,' आणि निघून गेले. पोरं माझ्याकडं बघायलेली. फूल कळलं मला. ब्लडीचा अर्थ लागंना. घरी आले, डिक्शनरी काढली. तिच्यात लिहिलेलं, रक्ताळलेला. म्हणलं, रक्ताळलेली? मला तर कुठं लागलेलं न्हाई. रडायचं होतं हो अण्णा. पण म्हणलं, कशावर रडायचं ते आधी समजून घेऊ. दुसरी डिक्शनरी आणली. तिच्यात वेगळंच. मग तिसरी. समजून घेता घेता रडायचं राहून गेलं."

प्राचार्यांनी ग्लास सरकवायचं थांबवलं होतं. मी बाईंकडं बघत होतो. एक गोष्ट मला तेव्हा कळली. इतकी वर्षं या बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला होता, उलगडून सांगितला होता, पाण्यात पडलेल्या माणसाकडून तपासून घेतला होता. पण कुणा माणसाला उद्देशून तो त्यांनी म्हटलेला मी एकदाही ऐकला नव्हता. वांड पोराला नाही, मला नाही, कुणालाच नाही. मी ते तसं बोलून दाखवलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

मग एकदम टेबलावर हात आपटला. "कोण होता त्यो साहेब? नाव सांगा."

"कशाला अण्णा?"

"बघून घेतो."

"केव्हाच रिटायर झाले असतील. असले तर नव्वदीचे असतील."

"तरी बी बघून घेतो. आमच्या गावच्या लेकीला म्हणतो म्हंजे काय?"

बाई हसल्या. अण्णा उठले. "जावा बाई, तुमचा तास हाय. एक अट हाय फक्त." प्राचार्यांनी पुन्हा ग्लास हातात घेतला. "पुढच्या मॅचला कवा वरडायचं ते मला आधी सांगून ठिवा. सगळी वरडायलेत आन मी नुसता बसलोय, बरं दिसत न्हाई."

इथं प्रकरण मिटलं असं आम्हाला वाटलं. पण अण्णांनी तो शब्द उचलला होता. पुढच्या आठवड्यात एका पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला ते माइकवरून म्हणाले, "ठेकेदारानं ब्लडी चांगलं काम केलंय." लोकांना वाटलं, ठेकेदाराचं आता काही खरं नाही. पण अण्णांनी त्याला हार घातला, तेव्हा अर्थ लोकांच्या ध्यानात आला. अण्णा वापरतात म्हटल्यावर त्यांचे कार्यकर्ते वापरायला लागले. कार्यकर्त्यांचं ऐकून चहावाला. 'ब्लडी ऊन हाय', 'ब्लडी गर्दी हाय', 'मेथी बघा, ब्लडी ताजी हाय'. बाई संध्याकाळी मुद्दाम बाजारातून चक्कर मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला बातम्या द्यायच्या. "सर, सुताराच्या तोंडून ऐकली आज. बायकोचं कौतुक करताना!"

बाईंच्या निरोपसमारंभाला सभागृह भरलं होतं. लातूरहून त्यांची भाचरं आलेली, बीडहून नवे शिक्षणाधिकारी आलेले. आमच्या गावचं हे नवीन मराठी त्यांच्या कानावर अजून पडलं नव्हतं. अण्णा बोलायला उभे राहिले. त्यांना खरंच भरून आलं होतं. बोलता बोलता त्यांचा शब्द अडकला, आणि मग ते मोठ्यानं म्हणाले, "काय सांगू मंडळी! अशी ब्लडी बाई पुन्हा व्हणार न्हाई!"

शिक्षणाधिकाऱ्यांनी पेढा तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला. लातूरची भाचरं एकमेकांकडं बघायला लागली. बाई खुर्चीतून उठल्या आणि माइकजवळ गेल्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "ब्लडीच्या पुढं एक शब्द लागतो. नुसती ब्लडी म्हणलं तर वाक्य लंगडं होतं."

"असं व्हय? कोणचा शब्द?"

"ते बोलणाऱ्यानं ठरवायचं."

अण्णांनी भर स्टेजवर विचार केला. "हुशार," ते म्हणाले. मग मान हलवली. "न्हाई. हुशार लई असतात." पुन्हा विचार केला. "चिवट! अशी ब्लडी चिवट बाई पुन्हा व्हणार न्हाई!"

"आता बरोबर," बाई म्हणाल्या, आणि जागेवर येऊन बसल्या. तोंडाला पदर लावला होता. खांदे हलत होते. हसत होत्या की काय, ते मी शेजारी असूनही मला नीट दिसलं नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. बाई तिथंच राहतात, दुकानाच्या मागं, वरच्या खोलीत. मागच्या महिन्यात बाजारच्या दिवशी मी घरी पेपर तपासत बसलो होतो. अंगणाचं फाटक वाजलं आणि बाई आत आल्या, धापा टाकत, छत्री काखेत.

"सर, बसून ऐका. जनावरांच्या बाजारात गेलते. एक म्हातारी करडू विकायलेली. गिऱ्हाईकाला म्हणली, 'धरून ठिवा, लई बलडं हाय ह्ये.'"

"काय म्हणाली?"

"बलडं! मी इचारलं, मावशी, बलडं म्हंजे वो? म्हणली, वांड. ऐकत न्हाई त्ये. मी म्हणलं, आन मादी असंल, पाट, तर? म्हणली, बलडी. आन बोकड असंल तर? म्हणली, बोकड असंल तर बलडा, तुमाला घ्यायचंय का न्हाई?"

बाईंचे डोळे चमकत होते. माझ्याही हातातला पेन तसाच राहिला. बलडा, बलडी, बलडं. इंग्लंडातल्या रक्ताशी, शपथेशी, उनाड पोरांशी त्या म्हातारीचं काही देणंघेणं नव्हतं. शब्दाच्या शेवटी 'ई' दिसली म्हणून तिनं, का तिच्या आधी कुणी, त्याला सरळ स्त्रीलिंगी ठरवलं होतं आणि त्याचं पुल्लिंग, नपुंसकलिंग करून टाकलं होतं.

"तिन्ही लिंगं लागली सर," बाई म्हणाल्या. "आता ती इंग्रजीची राहिली न्हाई. इतके दिवस मी सांभाळली. आजपासून तुमच्या खात्यात. मराठीचे तुमी."

एखाद्या घरची लेक आपल्या हवाली करावी तसं त्यांनी ते म्हटलं होतं. चहा ठेवायला सांगावं म्हणून मी बायकोला हाक मारणार, तेवढ्यात अंगणातून तिचाच आवाज आला. ती इतका वेळ मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती, आमचं बोलणं तिच्या कानावर गेलेलं नव्हतं.

"अहो! हे बलडं कुणाचं हाय? माझी अख्खी तुळस खाल्ली की!"

मी खिडकीतून पाहिलं. फाटकाला बांधलेलं काळंपांढरं करडू, दोर ताणून, तुळशीवृंदावनावर पुढचे दोन्ही पाय ठेवून उभं होतं.

बाई लगबगीनं दाराकडं गेल्या.

"माझं हाय!" त्या ओरडल्या.